घरातून न पळवलेली मुले : 'फूस' या शब्दाचा कायद्यातला प्रवास

गेल्या वर्षी एम.ए.च्या विद्यार्थ्यांसाठी आम्ही व्यावहारिक भाषांतराची एक छोटीशी कार्यशाळा घेतली होती. औषधांवरच्या सूचना, बँकेची पत्रके, सरकारी निवेदने असा मजकूर विद्यार्थ्यांना द्यायचा आणि तो मराठीत करवून घ्यायचा, एवढाच तिचा हेतू. त्या मजकुरात पालकांसाठीचे एक इंग्रजी पत्रकही होते. विषय होता मुलांची इंटरनेटवरील सुरक्षितता. पत्रक सोपे होते. पण दुसऱ्याच ओळीत 'ग्रूमिंग' हा शब्द आला आणि सगळा वर्ग तिथे अडला.

शब्दकोश उघडले गेले. घोड्याला खरारा करणे, नीटनेटके करणे, एखाद्या पदासाठी तयार करणे असे अर्थ सापडले. पत्रकातला अर्थ त्यांपैकी कशातच मावत नव्हता. एखादी प्रौढ व्यक्ती लैंगिक शोषणाच्या हेतूने एखाद्या मुलाशी वा मुलीशी ओळख वाढवते, विश्वास संपादन करते, त्याला हळूहळू इतरांपासून वेगळे पाडते, दोघांपुरते एक गुपित तयार करते आणि पुढे त्या गुपिताच्याच बळावर त्याला बांधून ठेवते. या सबंध प्रक्रियेसाठी तो एक शब्द वापरलेला होता. कुणी 'जाळ्यात ओढणे' सुचवले, कुणी 'भुरळ घालणे', कुणी 'नादी लावणे'. मी फळ्यावर 'फूस लावणे' असे लिहिले आणि प्रश्न सुटला असे समजून खडू खाली ठेवला.

मागच्या बाकावरची एक विद्यार्थिनी म्हणाली, "मॅडम, फूस लावून पळवतात. तिला तर कुणी पळवलंच नाही. ती घरातच होती."

ही 'ती' कोण, हे मी वर्गात विचारले नाही. पण त्या वाक्याने मला माझ्या शब्दाकडे पुन्हा पाहायला लावले. प्रस्तुत लेख म्हणजे त्या पाहण्यातून हाती आलेले काही इतिहासाचे धागे आहेत.

१

'फूस लावून पळवून नेले' हे मराठी वृत्तपत्रांतले घट्ट बसलेले वाक्य आहे. फूस आणि पळवणे यांची जोडी इतकी पक्की की एक उच्चारला की दुसरा आपोआप येतो. ही जोडी केवळ बोलीतून आलेली नाही. तिच्यामागे कायदा उभा आहे. १८६० साली संमत होऊन १ जानेवारी १८६२ पासून अमलात आलेल्या भारतीय दंडसंहितेच्या कलम ३६१ मध्ये अज्ञान मुलाला कायदेशीर पालकाच्या ताब्यातून 'नेणे' किंवा 'फूस लावणे' हा अपहरणाचा गुन्हा ठरवला गेला. मुलासाठी वयाची मर्यादा १४ होती, मुलीसाठी १६. पुढे १९४९ साली ती अनुक्रमे १६ आणि १८ झाली.

या कलमाची रचना बारकाईने पाहण्याजोगी आहे. त्यात मुलाच्या संमतीला काहीच अर्थ नाही. तो स्वखुशीने गेला तरी गुन्हा होतो, कारण संमती द्यायची ती पालकाने. वरवर पाहता ही तरतूद मुलाच्या हिताची वाटते आणि बऱ्याच अंशी ती तशी आहेही. परंतु गुन्हा नेमका केव्हा पूर्ण होतो? मुलाला इजा झाल्यावर नव्हे. मूल पालकाच्या ताब्याबाहेर गेले की गुन्हा पूर्ण होतो. म्हणजे कायद्याच्या नजरेसमोर एक घर आहे, घराला उंबरठा आहे आणि आत पालक आहे. फूस बाहेरून येते आणि मूल उंबरठा ओलांडून बाहेर जाते. जोवर उंबरठा ओलांडला जात नाही, तोवर या कलमापुरते काहीच घडलेले नसते.

दीडशेहून अधिक वर्षे मुलांच्या संरक्षणाचा आपला विचार या उंबरठ्याभोवती फिरत राहिला, असे मला वाटते. त्याने अनेक मुलांना वाचवले. त्याचबरोबर कित्येक मुले त्याला दिसलीच नाहीत.

२

हा 'ताबा' किती खोलवर रुजलेला होता, हे पाहण्यासाठी लंडनमधला एक प्रसंग आठवावा लागतो. आपली दंडसंहिता इंग्रजी कायद्याच्याच परंपरेतून आलेली असल्याने त्याचा इथे संबंध आहे. जुलै १८८५ मध्ये 'पॉल मॉल गॅझेट'चे संपादक डब्ल्यू. टी. स्टेड यांनी लंडनमध्ये कोवळ्या मुलींचा व्यापार कसा चालतो, याविषयीची लेखमाला प्रसिद्ध केली. असा व्यवहार किती सहज होतो हे सिद्ध करण्यासाठी त्यांनी स्वतःच तेरा वर्षांची एक मुलगी मध्यस्थांमार्फत 'विकत' घेतली होती. लेखमालेने प्रचंड खळबळ उडाली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इंग्लंडमधले संमतिवय १३ वरून १६ वर नेणारा कायदा संमत झाला. काही महिन्यांतच स्टेड यांच्यावर खटला चालून त्यांना तीन महिन्यांची कैद झाली. मुलीच्या आईचा होकार घेतल्याचे सांगितले जात होते; परंतु वडिलांची परवानगी घेतली नव्हती, हा मुद्दा त्यांच्याविरुद्ध निर्णायक ठरला. मुलींच्या व्यापाराविरुद्ध एवढा गदारोळ उठवणारा माणूस बापाच्या ताब्याचा भंग केला म्हणून तुरुंगात गेला. स्टेड यांची पद्धत निश्चितच आक्षेपार्ह होती. तरीही त्या मुलीला नेमका कोणता त्रास झाला, हा प्रश्न या सगळ्यात कुठे होता, असे विचारावेसे वाटते.

त्याच सुमारास आपल्याकडे संमतिवयाचा वाद पेटत होता. १८८४ साली बेहरामजी मलबारी यांनी बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांविषयीची आपली टिपणे प्रसिद्ध केली होती. दंडसंहितेने संमतीचे वय १० ठरवले होते आणि ते विवाहित मुलींनाही लागू होते. १८९० साली कोलकात्यात फुलमणी दासी या दहा-अकरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूचा खटला चालला. पतीच्या शरीरसंबंधामुळे तिचा जीव गेला होता. तिने दहा वर्षे ओलांडलेली असल्यामुळे पतीवर बलात्काराचा आरोप ठेवता आला नाही. दुसऱ्या, सौम्य कलमाखाली त्याला एक वर्षाची सक्तमजुरी झाली. या प्रकरणाने सरकारला हलवले आणि मार्च १८९१ मध्ये संमतिवय १२ करणारा कायदा झाला.

पुण्यातला त्या वेळचा वाद मराठीच्या अभ्यासकांना परिचित आहे. टिळकांनी परकीय सरकारच्या सामाजिक हस्तक्षेपाला 'केसरी'तून कडवा विरोध केला, आगरकरांनी 'सुधारक'मधून विधेयकाची बाजू घेतली, रा. गो. भांडारकरांनी धर्मशास्त्राच्याच आधारे कायद्याचे समर्थन केले. त्या वादाचा सगळा तपशील इथे नको. आपल्या विषयाच्या दृष्टीने एक गोष्ट महत्त्वाची आहे. फुलमणीला कुणी पळवले नव्हते. तिला रीतसर, वाजतगाजत, एका घरातून दुसऱ्या घरात पाठवले होते. उंबरठा ओलांडला गेला तो पालकांच्या संमतीने. म्हणून फूस, अपहरण, ताबा या शब्दांच्या पलीकडे जाऊन कायद्याला वयाची भाषा बोलावी लागली. मात्र वादाची सारी शक्ती धर्म, सरकार आणि समाजाची प्रतिष्ठा या शब्दांवरच खर्च झाली. ज्या मुलीवरून तो पेटला तिच्या वेदनेला त्यात जागा फार थोडी मिळाली.

३

फूस नेहमी मुलालाच लावली जाते असेही नाही. पुष्कळदा ती आधी घराला लावली जाते. मराठी रंगभूमीवर याचे अत्यंत नेमके चित्र गोविंद बल्लाळ देवलांनी १८९९ सालच्या 'संगीत शारदा'मध्ये रेखाटले आहे. वृद्ध भुजंगनाथाला कोवळी वधू हवी आहे; पैशाला भुललेला कांचनभट आपली मुलगी द्यायला तयार आहे; आणि या दोघांच्या मधे भद्रेश्वर दीक्षित हा दलाल आहे. आजच्या भाषेत सांगायचे तर या नाटकात 'ग्रूमिंग' होते ते बापाचे. हाव ओळखायची, तिला खतपाणी घालायचे, शंका मोडून काढायच्या, घाई करायची आणि मुलीला सर्वांत शेवटी कळवायचे, हा क्रम आजही ओळखीचा वाटतो.

नाटकात ते लग्न मोडते. पण ते शारदेच्या वयाच्या मुद्द्यावर मोडत नाही. वधूवर सगोत्र असल्याच्या मुद्द्यावर मोडते. देवलांनी समाजाला त्याच्याच शस्त्राने अडवले, असे आपण वर्गात शिकवतो आणि ते बरोबरच आहे. मात्र त्यातून हेही दिसते की १८९९ साली मुलीचे लहान असणे हे लग्न थांबवायला पुरेसे कारण नव्हते. १९२९ साली संमत होऊन १ एप्रिल १९३० पासून अमलात आलेल्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने मुलीच्या विवाहाचे किमान वय १४ केले. हा कायदा आपल्याकडे 'शारदा कायदा' म्हणून ओळखला गेला. नाव पडले ते हरबिलास सारडा यांच्यावरून. तरी पुष्कळ मराठी वाचकांना आजही ते देवलांच्या नायिकेचेच नाव वाटते. ही चूक दुरुस्त करताना मला दरवेळी थोडे वाईट वाटते. कायद्याला पीडित मुलीचे नाव असते, तर त्याच्याकडे पाहण्याची आपली दृष्टी कदाचित वेगळी झाली असती.

४

दरम्यान दंडसंहितेत एक भर पडली होती. स्त्रिया व मुले यांच्या व्यापाराविरुद्ध १९२१ साली जिनिव्हात झालेल्या आंतरराष्ट्रीय करारानंतर, १९२३ साली कलम ३६६ अ आले. अठरा वर्षांखालील मुलीला परपुरुषाशी संबंधासाठी प्रवृत्त करून एखाद्या ठिकाणाहून न्यायला लावणे किंवा 'कोणतीही कृती' करायला लावणे, हा त्याने गुन्हा ठरवला. 'कोणतीही कृती' या शब्दांनी उंबरठ्याबाहेरची थोडी जागा मोकळी केली. परंतु हे कलम फक्त मुलींसाठी होते. मुलगाही भुलवला जाऊ शकतो, ही कल्पना त्यात नव्हती. आणि ती तिथे यायला शंभर वर्षे लागली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्यायसंहितेच्या कलम ९६ मध्ये 'मुलगी'च्या जागी 'बालक' आले.

फूस म्हणजे काय, याचा सर्वांत सूक्ष्म विचार मला सापडला तो १९७३ सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालपत्रात. गुजरातमधून आलेल्या त्या खटल्यात एका उद्योजकाने परिचयातल्या कुटुंबातील शाळकरी मुलीला भेटवस्तू देत, ओळख वाढवत आपल्याकडे ओढले होते. शेवटी ती स्वतःहून घर सोडून त्याच्याकडे गेली; तेव्हा त्याने तिला 'नेले' असे म्हणता येईल का, हा प्रश्न होता. न्यायालयाने असे विवेचन केले की, फूस म्हणजे समोरच्याच्या मनात आशा किंवा इच्छा उत्पन्न करून त्याला वळवणे. तिची रूपे सगळी सांगता येणार नाहीत इतकी असतात. ती कधी तत्काळ काम करते, तर कधी संथपणे, सतत आणि लक्षातही येणार नाही अशा रीतीने मनावर ठसत जाते आणि पुष्कळ काळाने आपले उद्दिष्ट गाठते. शिक्षा कायम झाली.

इंग्रजीत 'ग्रूमिंग' हा शब्द या अर्थाने तपास अधिकाऱ्यांच्या आणि समुपदेशकांच्या भाषेत रूढ होऊ लागला तो १९८०च्या दशकात. म्हणजे तो शब्द पसरण्यापूर्वीच आपल्या न्यायालयाने त्यामागची प्रक्रिया ओळखली होती. तरीही त्या खटल्यात गुन्हा सिद्ध होण्यासाठी मुलीने घराबाहेर पडणे आवश्यक होतेच. ती घरातच राहिली असती, तर ते सगळे विवेचन लिहिण्याची वेळ आली नसती.

५

उंबरठ्याच्या आत मूल सुरक्षित असते, हे गृहीतकही पुढे टिकले नाही. गोव्यात मडगावला अनाथाश्रम चालवणाऱ्या फ्रेडी पीट्स याला १९९१ साली अटक झाली. त्याच्याकडे मुलांच्या शोषणाची हजारो छायाचित्रे सापडली आणि १९९६ साली त्याला जन्मठेप झाली. मुंबईत 'अँकरेज' नावाच्या निवाऱ्यांच्या प्रकरणात २००६ साली सत्र न्यायालयाने दोन ब्रिटिश नागरिकांना दोषी ठरवले, २००८ साली उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले आणि २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने मुलांच्या साक्षींवर विश्वास ठेवून शिक्षा पुन्हा कायम केली. दोन्ही प्रकरणांत पीडित मुलगे होते. दोन्हीकडे गुन्हेगार बाहेरून आलेला नव्हता. तोच आश्रयदाता होता. मूल ज्याच्या ताब्यात आहे तोच शोषण करत असेल, तर 'ताब्यातून नेणे' ही सगळी भाषाच निरुपयोगी ठरते. गोव्याने २००३ साली मुलांसाठी स्वतंत्र कायदा केला, तो या अनुभवानंतर.

मडगावच्या प्रकरणातल्या छायाचित्रांकडे आज मागे वळून पाहताना वेगळाच धसका बसतो. ती कागदावरची होती, त्यांच्या निगेटिव्ह होत्या, त्यामुळे ती जप्त तरी करता येत होती. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत छायाचित्राला कागद उरला नाही आणि गुन्हेगाराला मुलाच्या जवळ राहण्याचीही गरज उरली नाही.

६

इंटरनेटने उंबरठा मोडला असे आपण सहज म्हणतो. माझ्या मते त्याने तो निरर्थक केला. मूल घरात आहे, आईच्या नजरेसमोर आहे, अंगावर पांघरूण घेऊन पडले आहे. आणि तरीही कुणीतरी परका त्याच्या उशाशी बसला आहे. या परिस्थितीला सामोरे जाताना कायदे सुरुवातीला जुनीच भाषा बोलत राहिले. इंग्लंडच्या २००३ सालच्या कायद्यात 'ग्रूमिंग' हा शब्द आला. परंतु गुन्हा सिद्ध होण्यासाठी आरोपीने संवाद साधल्यानंतर मुलाला प्रत्यक्ष भेटणे, किंवा भेटण्यासाठी आरोपीने प्रवास करणे आवश्यक होते. युरोपीय देशांनी २००७ साली लांझारोटे येथे केलेल्या करारातही भेटीच्या दिशेने काही ठोस पाऊल पडण्याची अट राहिली. नुसते लैंगिक हेतूने मुलाशी बोलणे हा इंग्लंडमध्ये स्वतंत्र गुन्हा म्हणून अमलात आला तो एप्रिल २०१७ मध्ये.

भारतात मात्र ही अट आधीच गळाली होती. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ साली दुरुस्ती झाली आणि ती ऑक्टोबर २००९ पासून लागू झाली. तिच्यातील कलम ६७ ब नुसार मुलांना लैंगिक हेतूने ऑनलाइन संबंधासाठी जोपासणे, फूस लावणे किंवा प्रवृत्त करणे हाच गुन्हा आहे. भेट होण्याची गरज नाही. पहिल्या वेळी पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाख रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा आहे. या कलमातला 'जोपासणे' अशा अर्थाचा इंग्रजी शब्द मूळचा शेतीतला, मशागतीचा आहे. नांगरट, पेरणी, राखण आणि मग कापणी. कुणा मसुदाकाराने तो किती विचारपूर्वक योजला हे ठाऊक नाही. पण फुसेतला संथपणा त्यात अचूक उतरला आहे. याच कलमात पुढे एक विचित्र कसोटी येते. समंजस प्रौढाला आक्षेपार्ह वाटेल अशा रीतीने तो संबंध असावा, असे शब्द तिथे आहेत. इजा मुलाला होते आणि तिचे मोजमाप मात्र प्रौढाच्या नाराजीवर. १८९१ सालच्या वादाची सावली २००८ सालच्या मसुद्यावरही पडलेली दिसते.

१४ नोव्हेंबर २०१२ पासून अमलात आलेल्या बाललैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याने, म्हणजे 'पॉक्सो'ने, ही दृष्टी पुष्कळच बदलली. त्यात मुलगा-मुलगी असा भेद नाही. अठरा वर्षांखालचे प्रत्येक जण बालक. लैंगिक हेतूने मुलाशी इलेक्ट्रॉनिक माध्यमातून वारंवार संपर्क साधणे, तसेच त्याचे खरे किंवा बनावट चित्र वापरण्याची धमकी देणे, हे कलम ११ खाली गुन्हे आहेत. 'बनावट' हा शब्द २०१२ सालचा आहे. आज कृत्रिम बुद्धिमत्तेने कोणत्याही मुलाचा चेहरा कोणत्याही चित्रावर बसवता येत असताना त्या एका शब्दाची किंमत कळते. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी घ्यावा, पोलिसांनी गणवेशात नसावे, त्याची ओळख प्रसिद्ध होऊ नये, अशा तरतुदीही या कायद्यात आहेत. घराच्या अब्रूपेक्षा मुलाच्या बोलण्याला केंद्रस्थानी आणणारा हा आपल्याकडचा मोठा टप्पा होय.

पण भाषेची जुनी सवय सुटत नाही. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने एका प्रकरणात, कपड्यांवरून झालेला स्पर्श 'पॉक्सो'तील लैंगिक हल्ल्यात बसत नाही, असा निर्णय दिला. घराचा उंबरठा गेला, तर आता त्वचेचा उंबरठा शोधला गेला. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये तो निर्णय रद्द करून सांगितले की महत्त्वाचा आहे तो हेतू. २३ सप्टेंबर २०२४ च्या आणखी एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने 'चाइल्ड पोर्नोग्राफी' हा शब्द न्यायालयांनी वापरू नये, असे बजावले. अशा चित्रांना मुलांच्या लैंगिक शोषणाची व अत्याचाराची सामग्री म्हणावे. कारण पहिल्या शब्दात करमणुकीची आणि संमतीची छटा आहे, दुसऱ्यात घडलेल्या गुन्ह्याची नोंद आहे. शब्द बदलल्याने काय होते, असे विचारणाऱ्या विद्यार्थ्यांना मी हा निकाल आवर्जून सांगते.

७

आता त्या विद्यार्थिनीच्या वाक्याकडे परत येते. कार्यशाळा संपल्यावर ती थांबली आणि तिने थोडक्यात सांगितले. तिच्या गावची नववीतली मुलगी. कोरोनाच्या काळात शाळा फोनवर आली तेव्हा घरात तिच्या हाती फोन आला. एका खेळातून ओळख झाली. समोरचा स्वतःला अकरावीतला मुलगा म्हणवत होता. तीन-चार महिने त्याने फक्त अभ्यासाची, आईच्या रागावण्याची, मैत्रिणींच्या भांडणाची विचारपूस केली. मग एक फोटो मागितला, मग दुसरा. त्यानंतर धमक्या सुरू झाल्या. मुलीने फार दिवस सोसले आणि अखेर आईला सांगितले.

"मग?" मी विचारले.

"फोन काढून घेतला. शाळा बंद केली. आणि स्थळं बघायला लागले."

पोलिसांकडे कुणी गेले नाही. तो कोण होता, हे कुणाला कधीच कळले नाही.

या घटनेपुढे वरचा सगळा इतिहास मला वेगळ्याच रीतीने दिसू लागला. घरच्यांनी जे केले ते क्रौर्यातून केले असे मला वाटत नाही. त्यांच्यापाशी जी एकमेव भाषा होती तिच्यानुसार ते वागले. मुलगी उंबरठा ओलांडण्याच्या बेतात होती. तेव्हा उंबरठा उंच करा, आणि लवकरात लवकर तिला दुसऱ्या सुरक्षित घराच्या ताब्यात द्या. २००६ सालच्या कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलीचा विवाह हा गुन्हा आहे, हे त्यांना ठाऊक नसेल असेही नाही. पडद्यावरच्या एका परक्यापासून वाचवण्यासाठी ते तिला शारदेच्या बोहल्याकडे नेत होते.

आणि नेमके हेच त्या परक्याला पक्के माहीत असते. त्याची सारी मशागत ज्या जमिनीत चालते ती जमीन म्हणजे मुलाच्या मनातली घरच्यांची भीती. 'घरी सांगितलंस तर तुलाच बोलतील,' ही त्याची धमकी परिणामकारक ठरते, कारण ती बहुधा खरी असते. फोन जाईल, शाळा जाईल, विश्वास जाईल, हे मुलाला कळते. म्हणून ते गप्प राहते, आणि त्या गप्पपणातच तो परका जगतो. मुलाने सांगितल्यावर त्याचे काही हिरावून घेतले जाणार नाही, एवढी खात्री ज्या घरात आहे, तिथे त्याची मशागत फार काळ टिकत नाही. मग पुरावा न पुसता, पैसे न देता, १०९८ या बालमदत क्रमांकावर किंवा पोलिसांकडे जाणे हा पुढचा भाग त्या मानाने सोपा होतो.

'फूस' हा शब्द आज दोन्हीकडून अपुरा पडतो. एखादी जवळजवळ सज्ञान मुलगी स्वतःच्या मर्जीने, आपल्याच वयाच्या मुलाबरोबर घर सोडते, तेव्हा पालक हाच शब्द तक्रारीत लिहितात आणि तिची इच्छा पुसून टाकतात. उलट एखादे मूल घरातच बसून महिनोन्‌महिने पोखरले जाते, तेव्हा हा शब्द कुणाला आठवत नाही, कारण कुणी पळालेले नसते. पहिल्या ठिकाणी तो फार बोलतो, दुसऱ्या ठिकाणी बोलतच नाही. दोन्हीकडे त्याचे लक्ष दाराकडे असते, मुलाकडे नसते.

भाषांतरासाठी शेवटी आम्ही काय केले, हे सांगून थांबते. 'ग्रूमिंग'ला एकच मराठी शब्द द्यायचा आग्रह आम्ही सोडला. त्या विद्यार्थिनीने पत्रकातली ती ओळ स्वतः लिहिली : कुणी तुमच्या मुलाशी गोड बोलून, गुपित ठेवायला सांगून, त्याला तुमच्यापासून तोडत असेल, तर मूल घरात असले तरी सुरक्षित नाही. पारिभाषिक शब्द म्हणून ही ओळ कुठल्याच कोशात बसणार नाही. मी तिच्याखाली लाल शाईने काहीही लिहिले नाही. तिने आपणहून आणखी एक ओळ जोडली होती, जी मूळ इंग्रजी पत्रकात नव्हती. भाषांतराच्या नियमांनुसार ती मी काढायला हवी होती. मी ती ठेवली. ती ओळ अशी होती : मुलाने सांगितले, तर शाळा बंद करू नका.